भरल्या घागरीला वाट

१

संकलन केंद्रावरची शेवटची किटली रिकामी झाली, की अंजना खराटा उचलून बारवेकडे निघायची. त्या उन्हाळ्यात शेलगव्हाणात दूधच इतकं आटलं होतं, की दूध संस्थेचं केंद्र उघडेपर्यंत ते बंद करायची वेळ यायची. बिंदुसरेचं धरण तळाला गेलं होतं. पालीकडून येणारी माणसं सांगायची, पाण्यात बुडालेली जुनी गाडीवाट उघडी पडलीय आणि तिच्यावरून आता शेळ्या चालतात.

बारव गावाच्या कडेला होती. काळ्या चिऱ्यांची, खोल, पायऱ्यांची विहीर. घरोघरी नळ आल्यापासून तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. कचरा आणि वाहून आलेला गाळ यांनी ती कमानीपर्यंत भरून गेली होती. मागच्या वर्षी संस्थेच्या बायकांनी ती उपसली. सकाळी दूध घालायचं, पदर खोचायचा आणि घमेली हातोहात वर द्यायची. गाळाखालून कोरीव कमान निघाली, कमानीवरचे हत्ती निघाले, पायऱ्या निघाल्या. पाणी तेवढं निघालं नाही. तळाला ठक्क कोरडा खडक.

संस्थेचे चेअरमन सुंदरराव, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो, तेव्हाच एका लग्नासाठी धर्मापुरीला जाऊन आले होते.

"तिथल्या जुन्या देवळाम्होरं गाड्याच गाड्या बे!" ते केंद्राच्या ओट्यावर बसून सांगत होते. "पुण्याची माणसं पेट्रोल जाळून दगडं बघाया येत्यात. आपल्याकडं दगडाला काय तोटा हाय?"

"जनावरं दगड खात न्हाईत, आप्पा," संस्थेचा सचिव राधाकिशन म्हणाला. "त्यो खड्डा बुजवा आन् वर कडब्याचं शेड टाका."

"तुझ्या डोक्यातच कडबा भरलाय बे."

शेवटी ठरलं ते असं. जुन्या वास्तू जपणारी एक समिती औरंगाबादहून येऊन बारव बघणार. तिनं हो म्हटलं तर बारव राहणार, रस्त्यावर पाटी लागणार, लोक येणार. नाही म्हटलं तर पावसाळ्याआधी बुजवायची. तोवर रविवारच्या रविवारी बीडहून कुणी आलं तर त्यांना बारव दाखवायला एक माणूस हवं, म्हणून आश्रुबाची अंजना नेमली.

आश्रुबाची मेंढरं दुष्काळानं निम्म्यावर आली होती. दसऱ्यानंतर तो आणि त्याची बायको ऊसतोडीला जाणार होते. अंजना बरोबर गेली, तर खोपीत बसून धाकट्या भावाला सांभाळणार. दहावी राहिली ती राहिलीच. पण बारव टिकली तर संस्था तिला कामावर ठेवणार होती, आणि गावातल्या म्हाताऱ्या छबुमावशी तिला आपल्या घरी ठेवून घ्यायला तयार होत्या. समितीच्या एका शब्दावर अंजनाची शाळा टांगलेली होती.

अडचण एकच होती. अंजनाला चार माणसांपुढे तोंड उघडता यायचं नाही.

२

छबुमावशींनी तिला तयार केलं. त्या नव्या नवरी होत्या तेव्हा याच बारवेचं पाणी भरायच्या. आता मात्र त्या पायऱ्या उतरत नसत. वर कठड्यावर बसायच्या आणि तिथूनच सांगायच्या.

कमानीपर्यंतच्या पायऱ्या रुंद आणि उघड्या आहेत. कमानीच्या आत जिना दोन भिंतींमध्ये शिरतो आणि वळण घेऊन तळाशी जातो. रुंदी एका माणसापुरती. डोक्यावर भरली घागर घेऊन येणाऱ्या बाईला तिथं मागं सरता येत नाही की वळता येत नाही. म्हणून उतरणारीनं कमानीच्या अलीकडे, ओट्यावर थांबून हाळी द्यायची, "उतरते गं!" खालून कुणी भरून निघालेली असली तर ती म्हणणार, "थांब." मग ती वर येऊन बाजूनं निघून जाईपर्यंत थांबायचं. उत्तर आलं नाही तर वाट मोकळी.

"हेच सांग लोकांला," छबुमावशी म्हणाल्या. "हत्ती कुणीबी दाखवतंय. हे कुणी सांगत न्हाई."

अंजनानं ते पाठ केलं. पहिले दोन-तीन रविवार ती जमिनीकडे बघत नुसती पुटपुटली. पण हाळी द्यायची वेळ आली की ती जिन्याकडे तोंड करायची. माणसांकडे बघावं लागायचं नाही, त्यामुळे तेवढं तिला नीट जमायचं. हाळी जिन्यात घुमायची, लोकांना मजा वाटायची, आणि मग सगळे उतरायचे.

एका रविवारी बीडचं एक वकिलांचं कुटुंब आलं होतं. अंजनानं हाळी दिली.

"उतरते गं!"

"थांब," खालून आवाज आला.

बाईचा आवाज होता. मोठा नव्हता. वझं घेतलेलं माणूस जसं कमी श्वासात बोलतं, तसा.

वकिलीणबाई टाळ्या वाजवायला लागल्या. "अगं बाई! खाली पण कुणी ठेवलंय का? किती छान कल्पना!"

अंजनाला वाटलं, संस्थेतली सारजाबाई असेल. तिला थट्टेची खोड आहे. सगळे क्षणभर थांबले. मग वकीलसाहेब म्हणाले, "चला, ऊन चढतंय," आणि लोक तिच्या बाजूनं उतरलेसुद्धा.

तळाशी कुणी नव्हतं. खाली उतरायला आणि वर यायला हा एकच जिना. बाकी तिन्ही बाजूंनी सरळ चिरेबंदी भिंत.

परतताना अंजनाला सगळ्यात खालच्या पायरीवर ओल दिसली. गोल, घागरीच्या बुडाएवढी. कुणाची बाटली सांडली असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. पण सांडलेलं पाणी पसरतं, ओघळतं. हे तसं नव्हतं. त्याला कड होती.

३

सोमवारी केंद्रावर तिनं सारजाबाईला विचारलं.

"मी?" सारजाबाई हसली. "काल मी माहेरी गेलते की. कावून गं?"

"काही नाही."

अंजना विज्ञानात हुशार होती. प्रतिध्वनी कसा होतो हे ती शिकली होती. त्या दिवशी झाडायला गेल्यावर तिनं ओट्यावर उभं राहून स्वतःचं नाव घेतलं. नाव परत आलं, थोडं बारीक होऊन. तिनं वर्गातल्या मैत्रिणीचं नाव घेतलं. तेही आलं. म्हणजे जे बोलावं तेच परत येतं. मग तिनं दबकत "उतरते गं" म्हटलं. तेवढंच परत आलं. पुढे काही नाही.

तिला बरं वाटलं. पण उतरताना ती भिंतीला खेटून उतरली, आणि आपण तसं का उतरतोय हे तिला सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी कॉलेजची मुलं होती. "थांब" आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. आपण एकट्या असताना येत नाही आणि माणसं असली की येतो, याचा तिनं खूप विचार केला. मग वाटलं, एकटीनं ती हाळी खरी दिलीच नव्हती. ती उतरण्यासाठी नव्हती, नुसतं काय परत येतं ते बघण्यासाठी होती.

तिनं छबुमावशींना सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"आवाज कसा व्हता? दमल्यावानी?"

"हो."

"मग थांबलीस का न्हाई?"

"थांबले."

"बास मग." त्यांनी टरफलं सुपातून पाखडली. नंतर बऱ्याच वेळानं, दुसरंच काही बोलणं चाललेलं असताना, त्यांनी मध्येच विचारलं, "किती येळ थांबलीस?"

अंजनानं आठवून बघितलं. थांबणं म्हणजे हाळी झाल्यावर लोकांचं हसणं होईपर्यंतचं थांबणं. तेवढंच.

४

बोलणारी बारव म्हणून बोभाटा झाला. बीडच्या क्लासमधली पोरं रिक्षा करून यायला लागली. संस्थेच्या बायका कडुनिंबाखाली पिठलं-भाकरी आणि ठेचा विकायला बसू लागल्या. दूध नव्हतं, पण चूल पेटती राहिली. आप्पा तर हवेत होते.

"पोरगी अशी मुखदुर्बळ, पर डोकं बघा!" ते म्हणायचे. "खाली बाई ठिवली! कुणाला ठिवलंस गं? तिलाबी काही द्यावं लागंल."

अंजना मान खाली घालायची. खरं सांगितलं तर राधाकिशन शेड टाकून मोकळा होईल. आणि दुसरंही एक होतं. तिला त्या आवाजाचे उपकार वाटायचे. लोक तिच्यासाठी येत नव्हते, हत्तींसाठी तर नाहीच नाही. ते त्या एका शब्दासाठी येत होते. घरी आईनं ऊसतोडीसाठी गोधडी शिवायला घेतली होती, आणि त्या गोधडीत अंजना झोपणार की नाही हे बारवेच्या तळातलं कुणीतरी ठरवत होतं. ती झाडायला जाताना कमानीला हात लावून नमस्कार करायची. कुणाला, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

मात्र एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटत नव्हती. ओलीचं ते गोल वर सरकत होतं.

दर रविवारनंतर ते नव्या पायरीवर असायचं. आधीचं वाळलेलं, नवं ताजं. चैत्राच्या उन्हात गुरांच्या पाठीवर टाकलेलं पाणी हात फिरवेपर्यंत वाळत होतं. हे गोल दुसऱ्या दिवशीही ओलं असायचं. अंजनानं एकदा त्यात बोट बुडवलं. गार होतं, आणि बोटाला गाळाचा वास आला. सगळा गाळ तर मागच्या वर्षीच शेतांत गेला होता.

आवाजही वर सरकत होता. आता तो तळातून येत नव्हता. वळणाच्या पलीकडून यायचा. आणि नुसता "थांब" राहिला नव्हता.

"थांब की गं."

लोक हसायचे आणि उतरायचे. तेव्हा कुठे अंजनाला कळलं की ही गोल ओल कशाची आहे. भरली घागर घेऊन कुणीतरी वर येतं. येता येता वरून माणसं उतरायला लागतात. मग तिला आहे त्या पायरीवर घागर खाली ठेवून, भिंतीला चिकटून, सगळ्यांना वाट द्यावी लागते. भरलेलीनं रिकाम्यांना. दर रविवारी.

५

आणि मग क्लासच्या एका मुलाचं झालं.

धिप्पाड पोरगा होता, मित्रांत चढाओढ लावणारा. "थांब" ऐकल्यावर तो ओरडला, "थांबतंय कोण बे!" आणि एकटाच धावत जिन्यात शिरला. वळणापर्यंत त्याच्या बुटांचा आवाज आला. पुढे आला नाही.

तो परत आला तेव्हा चालत आला, हळू, एका बाजूनं भिंतीला टेकत. त्याची डावी बाजू खांद्यापासून बुटापर्यंत भिजलेली होती. अंगाला अंग घासून गेलं की जेवढी भिजेल तेवढीच. उन्हानं चिरे तापलेले असताना त्याचे दात वाजत होते.

"कोण होतं बे?" मित्रांनी विचारलं.

तो रिक्षात बसला आणि डावा हात मांडीवर न ठेवता लांब धरून राहिला, जणू तो दुसऱ्याचा होता.

संध्याकाळी केंद्रावर अंजनाची हजेरी घेतली गेली.

"टँकरला रांगा लागल्यात, आन् तुमी पोरांच्या अंगावर पाणी वतताय?" राधाकिशन कडाडला. "कोण हाय ती बाई? नाव सांग!"

अंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. नाव तिला खरंच माहीत नव्हतं.

"जाऊ दे बे, लेकरू हाय," आप्पा म्हणाले. पण त्यांचाही आवाज उतरला होता. "अंजने, शुक्रवारी समिती येतीय. असला चावटपणा झाला तर मीबी काही करू शकणार न्हाई. मंग राधाकिशनचं शेड."

ती रडत छबुमावशींकडे गेली. तिनं अजून ओलीच्या गोलांबद्दल कुणालाच सांगितलेलं नव्हतं. छबुमावशींनी तिचं तोंड पुसलं, पाणी दिलं, आणि मग हळूच विचारलं.

"किती वर आलीय?"

अंजनाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"ओट्याच्या खालच्या पायरीला," ती म्हणाली.

छबुमावशी दाराबाहेर बघत राहिल्या. "आमी वाट देत व्हतो," त्या म्हणाल्या. "कितीबी येळ लागू दे, उन्हात उभं ऱ्हायचो. आता समदे बघाया येतेत. बघणाऱ्याला कुठला धीर?"

"मावशी, ती कोण आहे?"

"भरून निघालेली बाई हाय. आनिक काय पायजे?"

त्या रात्री अंजनाला एकच विचार पुन्हा पुन्हा येत होता. बारव कमानीपर्यंत गाळानं भरलेली होती, इतकी वर्षं. तेव्हा ती कुठे उभी होती?

६

समितीत एक मॅडम होत्या आणि फोटो काढणारे एक सर. मॅडम साध्या होत्या. त्यांनी चपला वरच काढल्या. कमानीवरच्या हत्तींवरून त्यांनी असा हात फिरवला, जसा आश्रुबा आजारी मेंढरावरून फिरवायचा. आप्पा पुढे, राधाकिशन मागे, संस्थेच्या बायका रुंद पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी उभ्या. छबुमावशी वर कठड्यावर.

अंजना ओट्यावर आली. कमानीच्या आत अंधार होता. डोळे उन्हातून आलेले असले की तो नुसता काळा दिसायचा.

हाळी न देताच उतरावं, असंही तिच्या मनात आलं. पण तशी उतरले तर समोरासमोर गाठ पडेल, हे तिला माहीत होतं.

"उतरते गं," ती म्हणाली.

"थांब गं बाई," उत्तर आलं. वळणापलीकडून नाही. कमानीच्या लगेच आतून. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून.

सरांनी कॅमेरा खाली केला. आप्पा हसले. "हे आमचं खास! चला मॅडम, उतरू या..."

अंजनानं आडवा हात धरला. चेअरमनच्या छातीवर. असं काही तिनं जन्मात केलं नव्हतं.

"आप्पा, थांबा."

"अगं, पाव्हण्यांला उशीर हुतोय..."

"तिच्या डोक्यावर वझं हाय. थांबा म्हणते ना!"

"काय चाललंय हे?" राधाकिशन पुढे सरसावला. पण मॅडम म्हणाल्या, "थांबू या की. आम्हाला घाई नाही." आणि त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

मग सगळेच थांबले. आधी कुणीतरी खोकलं, कुणाच्या बांगड्या वाजल्या. मग तेही थांबलं. ऊन डोक्यावर होतं. आतून दगडावर जोडव्यांचा आवाज आला. एक पाऊल. मग बराच वेळ नुसता श्वास. मग दुसरं. बायकांनी माना वळवल्या नाहीत. ओल्या गाळाचा वास कमानीतून बाहेर आला आणि सगळ्यांच्या अंगावर आला.

ओट्यावर, अंजनाच्या पायाशी, काहीतरी जड टेकलं. कोरड्या चिऱ्यावर हळूहळू एक गोल ओलं झालं.

"हात लाव," आवाज म्हणाला.

टेकलेली घागर पुन्हा डोक्यावर घ्यायची तर दुसरीचा हात लागतो, एकटीनं होत नाही. हे गावातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. अंजनानं वाकून हात पुढे केले.

तेव्हा तिला समोरचे हात दिसले. फक्त हात. मनगटावर हिरवं गोंदण, काचेच्या बांगड्या. बोटं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली. मनगटाच्या वर कमानीची सावली होती. तिच्याकडे अंजनानं बघितलं नाही. तिच्या तळव्यांना तांब्याच्या घागरीचा गार काठ लागला. दोघींनी मिळून ते वझं उचललं. अंजनानं आजवर उचललेल्या कुठल्याही घागरीपेक्षा ते जड होतं.

मग हात मोकळे झाले, आणि कानाजवळ, दमलेल्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "बरं झालं थांबलीस, अंजना."

रुंद पायऱ्यांवरच्या बायका एकेक करून मागे सरल्या. खालची आधी, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. वर कठड्यावर छबुमावशी उठून उभ्या राहिल्या, आणि त्यांनीही वाट दिली.

सगळ्यात आधी बोलल्या त्या मॅडम. त्यांची एक बाही भिजली होती. त्यांनी ती पिळून बघितली.

"इथे कुठेतरी पाझर आहे," त्या म्हणाल्या. "इतक्या दुष्काळात! झरा जिवंत आहे तुमचा. ही बुजवायचा विचारसुद्धा करू नका."

७

बारव राहिली. आप्पांनी गावभर पेढे वाटले. राधाकिशन ज्याला त्याला सांगत होता, "मी तर पहिल्यापास्नं म्हनत व्हतो!" आश्रुबानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "ऱ्हा बाई. शिक." आईनं गोधडीची घडी घालून ती छबुमावशींकडे पोचती केली.

पुढच्या रविवारी हाळीला उत्तर आलं नाही. लोक हिरमुसले.

"ती बाई कुठं गेली गं?" आप्पांनी विचारलं. "रजेवर हाय का?"

अंजनानं मान हलवली. कुठे गेली हे ती रोज स्वतःलाच विचारत होती. इतकी वर्षं खाली असलेली बाई आता वर होती. गावात होती. अंजना रस्त्यानं जाताना उगाच कडेनं चालायची.

एका सकाळी छबुमावशींनी तिला हाक मारली. त्यांच्या दारातला रांजण काठोकाठ भरलेला होता. टँकर चार दिवसांत आला नव्हता.

छबुमावशींनी हात जोडले. मग ओंजळीनं पाणी पिऊन बघितलं.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी अंजनालाही प्यायला दिलं. गार होतं, आणि मागे गाळाची चव राहत होती.

"आता तिची घागर रिती," छबुमावशी म्हणाल्या.

अंजना खराटा घेऊन निघाली. जायलाच हवं होतं असं नाही. पण आपली शाळा जिच्यामुळे राहिली तिला आपण एक शब्दही बोललो नाही, हे तिला टोचत होतं. ओट्यावर तिनं हाळी दिली, थांबली, मनापासून थांबली. उत्तर नव्हतं. ती उतरली, वळण घेतलं, आणि तळाचा खडक झाडायला लागली. अर्धं झाडून झालं असेल.

"अंजने, खाली हायस का गं?"

आवाज वरून आला. कमानीतून.

खराटा हातातच राहिला. तिच्याजवळ घागर नव्हती. रिकाम्या माणसाला 'थांब' म्हणता येत नाही.

"हाय," ती म्हणाली. "ये."

ती शेवटच्या पायरीच्या कडेला सरली आणि तोंड भिंतीकडे केलं. जिन्यातला उजेड कमी झाला. जोडवी उतरत आली, या वेळी हलकी, भरभर. पाठीला गारवा घासून गेला.

"तुमचे लई उपकार झाले," अंजना भिंतीला म्हणाली.

मागे, जिथं तिनं आत्ताच खडक झाडला होता, तिथं घागर बुडाली. आधी वरवर बुडबुड, मग खोल. तिच्या तळपायांना गार पाणी लागलं. ते बोटांवरून चढलं आणि घोट्याशी आलं. पाणी! अंजनाला एकदम वरच्या बायका आठवल्या, टँकरमागे धावणारी पोरं, बापाची मेंढरं. तिला हसू आलं.

वर जायची वाट मोकळी होती. तिनं एक पाऊल उचललं.

"थांब," मागून दमलेला आवाज आला.

भरल्या घागरीला आधी वाट, म्हणून ती थांबली. पाणी गुडघ्याला लागलं.